हातचा एक

पाद्रीबुवा, या. दार नुसतं लोटलेलं असतं,
अठरा वर्षं कडी लावली नाही मी.
बसा. त्या बाकावर नको, या इकडे.

चर्चच्या वहीत माझे तीन मुलगे बुडाल्याची नोंद आहे
आणि पुरल्याची एकही नाही,
ते कसं, हेच विचारायला आलात ना?

लोफोटेनात जानेवारी म्हणजे दिवस नावाला उजाडतो.
कॉडच्या हंगामाची पहिली फेरी. नाव उलटली.
ऐलर्ट, श्यूर आणि धाकटा आनफिन.
समुद्रानं दिले परत, पण हप्त्याहप्त्यानं.
आधी श्यूरचे पाय. मोज्याची टाच माझ्या विणीची,
म्हणून कळलं.
मग ऐलर्टचे हात, वल्ह्याचे घट्टे तसेच.
आनफिनचा चेहरा थंडीनं जपलेला,
भुवईवर लहानपणी गळ लागला होता
त्याच्या व्रणासकट.

पुरा असा एकही नाही. पुरायचं कुणाला?

शिडं शिवायची सुई घरात होती, डांबर लावलेला दोरा होता.
मला फक्त लावून बघायचं होतं,
तिघांची मिळून बेरीज एक तरी भरते का.
माशाच्या तेलाचा दिवा, आठ रात्री.
नवव्या रात्री शेवटचा टाका दातानं तोडला
आणि ओठांखालचं मांस
गरम लागलं.

तो "आई" म्हणाला.
आवाज तिघांपैकी कुणाचाच नव्हता.

ऐलर्ट डावखुरा. हा त्याच हातांनी उजवीकडून जेवायचा.
आनफिन ज्यावर खदखदायचा
त्यावर हा नुसता बघत राही.
मी दिवसभर त्याच्यात माझी मुलं शोधायची,
सापडली की रडायची, नाही सापडली की चिडायची,
आणि तो माझ्या तोंडाकडे बघायचा,
पंगतीत वाढपी पुढे निघून जावा
आणि पान रिकामं राहावं, तसा.

कामाला वाघ होता, हे सांगायला हवं.
मासे वाळवायच्या माच्या एकट्यानं उभ्या केल्या.
तो बाक त्यानंच केलाय.
पोरं त्याला माशांची मुंडकी फेकून मारत.
शिवलेला म्हणत. समुद्राचं उष्टं म्हणत.
गावाचं काय, गाव नावं ठेवतंच.
नाव ठेवायचं होतं मी.

एका संध्याकाळी दोऱ्याची गुंडी धरून समोर बसला होता.
म्हणाला, मला काय म्हणायचं?
तीन नावं जिभेवर आली, पाद्रीबुवा.
एकही सुटेना. दिलं असतं तर
तो एक जण पुन्हा बुडाला असता,
असं वाटलं तेव्हा.
मी म्हटलं, बाहेर जा.
कडी घातली.

रात्रभर दार वाजत होतं.
दोन थापा, थांबून एक.
ऐलर्टची सवय. हातांना आठवत असावं.
ती थाप मी ओळखली,
म्हणून तर उठले नाही.
सकाळी उंबऱ्यावर बर्फ दबलेला,
बसलेल्या माणसाएवढा.

त्यानंतर, तुम्हीही ऐकलं असेल,
वादळात तुटून गेलेल्या होड्या
सकाळी किनाऱ्याला बांधलेल्या सापडतात.
लोक देवाचे आभार मानतात.
मी गाठ बघते.
ती गाठ माझ्या माहेरची आहे, या बेटावर कुणाला येत नाही.
एकालाच शिकवली होती,
थंडीत बोटं आखडली तरी सुटेल अशी.

तेव्हा वही काढा.
तीन पोटचे लिहिलेत तिथे खाली एक ओळ सोडा.
पोटचे देवानं दिले, नेले, त्याचा हिशोब त्यानं द्यावा.
हा हातचा.
आनफिनला बेरजा शिकवताना मीच टोकायची,
हातचा विसरलास की गाडी घसरली,
मग खाली कितीही सुबक आकडे काढ.

मृत्यूची तारीख नको. जन्माची लिहा,
फेब्रुवारी, नववी रात्र.
आई म्हणून गुनव्होर, तेवढं ठळक.

नाव?
थांबा जरा.
ते त्याला विचारून.